वारसा आणि वचन

संगणकाची भाषा हीदेखील अखेर भाषाच आहे. तिलाही व्याकरण आहे. त्या व्याकरणातील ॲब्स्ट्रॅक्ट क्लास, इंटरफेस व प्रोटोकॉल हे तीन शब्द नवख्याला एकाच अर्थाचे वाटतात. त्यांतील भेद मला जसा उमगला, तसा येथे मांडतो.

आपल्या ग्रंथालयाचेच उदाहरण घेऊ. पुस्तक असो वा नियतकालिक, दाखलक्रमांक नोंदणे व देवघेवीची तारीख लिहिणे हे काम समान असते. विलंबाचा दंड मात्र दोहोंना वेगळ्या रीतीने आकारायचा आहे, असे समजा. अशा वेळी 'ग्रंथालयीन वस्तू' नावाचा ॲब्स्ट्रॅक्ट क्लास लिहितात. समान काम त्यात पुरे करून ठेवतात आणि दंडाची जागा रिकामी सोडतात. ती प्रत्येक वारसाने आपापल्या परीने भरावयाची.

आता पुस्तकाची नोंद आणि फीची पावती, दोन्ही छापावयाच्या आहेत. या दोहोंत नाते काहीच नाही. तेथे 'छापण्याजोगे' असा इंटरफेस लिहावा. तो एवढेच सांगतो, की माझे नाव लावणाऱ्याला छापता आले पाहिजे. कसे, ते ज्याचे त्याने पाहावे. १९९५ साली आलेल्या जावा भाषेत क्लासला जनक एकच असतो, इंटरफेस मात्र अनेक स्वीकारता येतात. ऑब्जेक्टिव्ह-सी व स्विफ्ट या भाषांत अशाच वचनाला प्रोटोकॉल म्हणतात.

थोडक्यात, ॲब्स्ट्रॅक्ट क्लास हा वारसा, तर इंटरफेस हे वचन.

परंतु वचनाचीही किंमत असते. इंटरफेसमध्ये मागाहून एक कलम वाढवले, की ते वचन पूर्वी दिलेले सारे क्लास अपुरे ठरतात; ते पुन्हा कंपाइल होत नाहीत. जावाच्या कर्त्यांपुढे हाच पेच पडला. संग्रहांच्या जुन्या इंटरफेसमध्ये 'स्ट्रीम' ही मेथड घालावी, तर इतरांनी लिहिलेले क्लास अडत होते. म्हणून २०१४ सालच्या जावा ८ मध्ये इंटरफेसमध्येच तयार मेथड देण्याची मुभा आली. २०१५ मध्ये स्विफ्टच्या प्रोटोकॉलनाही तशी सोय मिळाली. सीमारेषा पुसट झाली, तरी एक भेद उरलाच: प्रत्येक वस्तूची स्वतःची माहिती साठविण्याची जागा ॲब्स्ट्रॅक्ट क्लास देऊ शकतो, इंटरफेस देऊ शकत नाही.

म्हणून मला वाटते, खरोखर समान काम असेल तेथेच वारसा घ्यावा. आणि वचन द्यावयाचे तर ते लहान द्यावे. एकदा दुसरे त्यावर विसंबले, की ते आपल्या एकट्याचे राहत नाही.