जुन्या घराचा रंग खरवडताना

घर जुने झाले म्हणजे त्याच्या दाराखिडक्यांवर रंगाचे थर साचत जातात. वरचा थर कालपरवाचा, तळाचा आजोबांच्या वेळचा. चतुर्थीच्या अगर नाताळाच्या तोंडावर रंगारी येतो, पत्र्याने खरवडतो, पॉलिश कागदाने घासतो आणि दोन दिवस घरभर बारीक धूळ उडते. ती झाडूने लोटली की काम संपले असे आपण समजतो. ह्या धुळीत पुष्कळदा शिसे असते.

चुन्याच्या सफेदीविषयी भय बाळगण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो तेलरंगाचा. रंगारी ज्याला सफेदा म्हणत व अळशीच्या तेलात कालवीत, तो शिशाचाच क्षार. लोखंडी गज गंजू नयेत म्हणून त्यांना प्रथम जो शेंदरी हात देत, तोही पुष्कळदा शिशाचाच असे. कित्येक पिवळ्या रंगांतही शिसे होते. असा रंग चांगला झाकतो व ऊनपावसात टिकतो, म्हणून तो लोकप्रिय झाला. न पोपडलेला, धड रंग जागच्या जागी फारसा उपद्रव देत नाही. तो खरवडला, घासला वा जाळला की संकट उभे राहते.

त्यातून पहिला बळी रांगणाऱ्या मुलाचा. ते जमिनीवर हात टेकते आणि तोच हात तोंडात घालते. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशाचा सुमारे दहावा हिस्सा अंगात शोषला जातो. लहान मुलाच्या बाबतीत हे प्रमाण निम्म्यापर्यंत जाऊ शकते. पुढे ते हाडांत वर्षानुवर्षे राहते आणि मेंदूच्या वाढीस बाधा आणते. ताप नाही, पुरळ नाही; रक्त तपासल्यावाचून कळतही नाही. शिकण्यात मागे पडणाऱ्या प्रत्येक मुलाचे खापर शिशावर फोडावे असे मी म्हणत नाही. तथापि जागतिक आरोग्य संघटना शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक मानीत नाही, हे आम्हा शिक्षकांनी ध्यानी ठेवण्याजोगे आहे.

ही गोष्ट नवीन नव्हे. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील नेत्रवैद्य जॉन लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ सालीच मुलांच्या विषबाधेचे मूळ ओसरीच्या रंगविलेल्या कठड्यांत असल्याचे दाखवून दिले. उन्हाने त्या रंगाची भुकटी होई व मुलांच्या हातांना लागे. त्याविरुद्ध तेथे कायदा व्हावयास मात्र १९२२ साल उजाडले.

अमेरिकेने घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगास १९७८ साली बंदी केली. पण बंदीने जुन्या भिंती धुऊन निघत नाहीत. म्हणून २२ एप्रिल २०१० पासून तेथे दुरुस्तीच्या कंत्राटदारांसाठी नियम लागू झाला. १९७८ पूर्वीचे घर किंवा लहान मुलांची शाळा असेल, आणि आत एका खोलीत ६ चौरस फुटांहून किंवा बाहेर २० चौरस फुटांहून अधिक रंग छेडला जाणार असेल, तर शिक्षण घेतलेला, प्रमाणपत्र असलेला माणूस कामावर हवा. खिडकी बदलण्याच्या कामास क्षेत्रफळाची ही सवलत नाही. जमिनीवर ६ फुटांपर्यंत प्लास्टिक अंथरावयाचे, धोक्याची पाटी लावावयाची. उघड्या ज्योतीने रंग जाळण्यास मनाई. सूक्ष्म गाळणीचे धूळशोषक यंत्र जोडल्याखेरीज विजेच्या यंत्राने घासण्यासही मनाई. अखेरीस ओल्या पांढऱ्या कापडाने जमीन व खिडकीची तळपट्टी पुसून ते कापड नमुन्याच्या पत्रिकेशी ताडून पाहावयाचे. अधिक मळके निघाले तर पुन्हा सफाई. ही कापडाची परीक्षा मला फार आवडली, कारण ती कोणालाही डोळ्यांनी पाहता येते. आरंभी घरात लहान मूल वा गर्भवती स्त्री नसल्यास मालकाच्या लेखी संमतीने सूट मिळे. ती त्याच वर्षी रद्द झाली. मात्र मालक स्वतःच्या राहत्या घराचे काम स्वतःच करू लागला, तर हा नियम त्याला लागत नाही.

आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग एवढी ठरली आहे. ती नव्या रंगाच्या उत्पादन-विक्रीपुरती. आजोबांच्या वेळच्या थराविषयी त्यात काही नाही. तो थर गोव्यातल्या जुन्या घरात असो, बेळगावच्या वाड्यात असो वा इंदूरच्या, तेथे मुकादमाशी बोलणे आपल्यालाच करावे लागेल.

दर ठरवितानाच त्याला सांगावे, की रंग पाणी शिंपडून ओला करूनच खरवडावयाचा, स्टोव्हच्या ज्योतीने उतरवावयाचा नाही. मुले व गर्भवती स्त्रिया काम पुरे होईपर्यंत दुसरीकडे राहतील, आणि भांडी व धान्य आधीच हलविले जाईल. कोरडा झाडू नको. ओल्या फडक्याने पुसावे आणि फडके वरचेवर बदलावे. खपल्या पिशवीत बांधाव्यात. परसात टाकू नयेत, चुलीत तर मुळीच घालू नयेत. ह्याने मजुरीचा एखादा दिवस वाढेल, तो द्यावा. आणि रंगाऱ्यासाठी साबण व पाण्याची बादली ठेवावी. त्याने भाकरीपूर्वी हात धुवावेत आणि कामाचे कपडे बदलूनच घरी जावे, कारण त्याच्या घरीही रांगते मूल असू शकते.