निगेटिव्हचा वारसा

छायाचित्र म्हणजे कळ दाबली की काम संपले, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु जुन्या पद्धतीच्या मोठ्या कॅमेऱ्याच्या बाबतीत कळ दाबल्यानंतरही निम्मे काम उरतेच. ते उरलेले काम दुसऱ्याच्या हाती सोपवावे की नाही, ह्या प्रश्नाला एकाच घरातील पिता व पुत्र यांनी परस्परविरुद्ध उत्तरे दिली. ते घर अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतातील वेस्टन कुटुंबाचे होय.

प्रथम ह्या कॅमेऱ्याची रचना पाहू गेल्यास ती अगदी साधी आहे. पुढे भिंग, मागे धूसर काच, आणि दोहोंमध्ये बाजाच्या पेटीला असतो तसा घडीचा भाता. हे सारे तिवईवर उभे केलेले. छायाचित्रकार काळ्या कापडाखाली डोके घालतो, तेव्हा समोरचे दृश्य त्या काचेवर उलटे उमटलेले दिसते. भाता मागेपुढे सरकवून ते रेखीव करावयाचे, मग फिल्मचा तक्ता असलेली चपटी चौकट मागे बसवावयाची, तिची झडप ओढावयाची आणि भिंगातून प्रकाश आत सोडावयाचा. एका तक्त्यावर एकच चित्र! ८ इंच रुंद व १० इंच लांब असा हा तक्ता ३५ मिलिमीटर फिल्मवरील चित्राच्या जवळजवळ ६० पट क्षेत्रफळाचा असतो. त्यामुळे चित्र वाढवून छापण्याची गरज पडत नाही. निगेटिव्ह कागदावर ठेवून वरून प्रकाश दिला, की तेवढ्याच आकाराची प्रत निघते, आणि बारकावा तसूभरही हरवत नाही.

एडवर्ड वेस्टन (१८८६–१९५८) याने ह्या साधनाचे सामर्थ्य जगाला दाखविले. १९३० मध्ये त्याने एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून तिचे चित्र घेतले. त्या मिरचीच्या वळणांत पाहणाऱ्यास मानवी देहाचा भास होतो, इतका छायाप्रकाशाचा खेळ तीत सूक्ष्म आहे. १९३७ मध्ये गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळविणारा तो पहिला छायाचित्रकार ठरला.

आता निगेटिव्ह तयार झाली, तरी प्रत काढावयाची राहतेच. कागद दिव्याखाली किती सेकंद ठेवावा, कोणता भाग हाताच्या सावलीने उजळ राखावा, कोठे प्रकाश थोडा अधिक द्यावा, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. एडवर्डचा समकालीन ॲन्सेल ॲडम्स मूळचा पियानोवादक. तो निगेटिव्हला संगीताच्या लिखित स्वरलेखाची आणि प्रतीला प्रत्यक्ष वादनाची उपमा देत असे. आपल्याकडे असे म्हणता येईल, की बंदिश एकच असली, तरी प्रत्येक गवई ती आपल्या गळ्याने मांडतो.

एडवर्डला कंपवाताने ग्रासले आणि १९४८ मध्ये पॉइंट लोबोस येथे घेतलेली छायाचित्रे त्याची अखेरची ठरली. हात थरथरू लागले. पण दृष्टी शाबूत होती. तेव्हा त्याचा मुलगा ब्रेट पुढे आला. तेराव्या वर्षी, १९२५ मध्ये, तो वडिलांबरोबर मेक्सिकोस गेला होता व तेथेच त्याने कॅमेरा हाती घेतला होता. आजारी पित्याच्या देखरेखीखाली ८००हून अधिक निवडक निगेटिव्हच्या प्रती काढण्यात आल्या, त्यांत ब्रेटचा हात प्रमुख होता. पित्याच्या मृत्यूनंतर धाकटा मुलगा कोल हा प्रती काढू लागला. एडवर्डने त्याला तसा अधिकारच दिला होता. कोल स्वतः रंगीत छायाचित्रणाकडे वळला होता. परंतु वडिलांच्या निगेटिव्हवर काम करताना त्याने स्वतःची आवड बाजूस ठेवली. त्या प्रतींच्या मागे निगेटिव्ह एडवर्डची व प्रत कोलची, असा स्पष्ट उल्लेख असतो.

ब्रेटने मात्र स्वतःपुरता निराळाच न्याय लावला. आपल्या निगेटिव्हची प्रत आपल्यावाचून कोणीही काढू नये, असे त्याचे ठाम मत होते. डिसेंबर १९९१ मध्ये, आपल्या ८०व्या वाढदिवशी, त्याने आपल्या बहुतेक निगेटिव्ह अग्नीच्या स्वाधीन केल्या. १९९३ मध्ये तो निवर्तला. ज्याने पित्याच्या निगेटिव्हवर वर्षानुवर्षे हात चालविला, त्यानेच स्वतःच्या निगेटिव्हला दुसऱ्याचा हात लागू दिला नाही!

ह्यात विसंगती दिसते खरी, परंतु ती वरवरची आहे. पित्याचा हात आपल्या हाताहून किती निराळा होता, हे त्याच्या प्रती काढणाऱ्या ब्रेटइतके दुसऱ्या कोणास कळले असणार? मात्र दोन्ही निर्णयांचे परिणाम भिन्न झाले. एडवर्डच्या निगेटिव्ह ॲरिझोना विद्यापीठाच्या संग्रहात जतन झाल्या, आणि अभ्यासकास त्या मूळ प्रतींशेजारी ठेवून पाहता येतात. ब्रेटच्या बाबतीत त्याने स्वहस्ते काढलेल्या प्रती, एवढाच त्याचा शेवटचा शब्द उरला आहे. पहिल्या मार्गाने पुढील पिढीस शिकण्याचे साधन मिळाले. दुसऱ्याने कलावंताचा हात अभंग राहिला. वेस्टन घराण्यात पुढे कोलचा मुलगा किम यानेही मोठ्या निगेटिव्हचाच मार्ग धरला. पण त्याने चित्रे काढली ती स्वतःची.