ओटीपी ह्यांच्या नंबरवर जातो

लोणावळ्यात जून लागला की पुस्तकांना बुरशी धरते. कपाटात दिवा पेटता ठेवा, कडुनिंबाचा पाला टाका, डांबरगोळ्या ठेवा, ऑगस्टपर्यंत पुठ्ठ्यावर पांढरी साय येतेच. म्हणून निवृत्तीनंतर ह्यांनी टॅब घेतला आणि मराठी ई-पुस्तकं घ्यायला लागले. समासात पेन्सिलीने लेखकाशी भांडायची जुनी खोड, ती काचेवरही सुटली नाही. एकूण ४३ पुस्तकं, सगळी पैसे मोजून घेतलेली.

दोन वर्षांपूर्वी हे गेले. गेल्या पावसाळ्यात टॅबही गेला. नव्या फोनवर ॲप घेतलं, ह्यांचा ईमेल टाकला, तर ओटीपी ह्यांच्या नंबरवर. तो मी केव्हाच बंद केला होता. सहज लावून पाहिला, तर वडगावच्या एका पोराने उचलला. नंबर आता त्याचा. बिचाऱ्याने सगळी हकीकत ऐकून घेतली आणि म्हणाला, "मावशी, वाईट वाटतंय, पन ओटीपी कुनाला सांगायचा नसतो ना?" मी ३१ वर्षं बँकेत काढली. काय बोलणार?

दुकानाच्या मदतकक्षाचं उत्तर आलं, खातं दुसऱ्याच्या नावावर होत नाही. वारसदाखला देऊ का, विचारलं. चालत नाही म्हणे. फ्लॅट, फंड, स्कूटर, सगळं माझ्या नावावर झालं. पुस्तकं तेवढी राहिली.

भाचीने समजावलं. फाइल कुलूपबंद असते आणि किल्ली खात्याला नि यंत्राला बांधलेली. ह्या बंदोबस्ताला डीआरएम म्हणतात. 'विकत घ्या' हे बटण दाबून आपण घेतो ती नुसती वाचायची परवानगी. दिलेली परवानगी काढूनही घेता येते. २००९ साली विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते असं कळल्यावर ॲमेझॉनने ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या लोकांच्या किंडलमधून परस्पर पुसल्या. त्यातली एक '१९८४'! पैसे परत दिले, पुढे माफीही मागितली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं, तेव्हा गिऱ्हाइकांनी घेतलेली पुस्तकंही मिटली. किंमत परत मिळाली, आणि ज्यांनी पुस्तकांत टिपणं केली होती त्यांना वर २५ डॉलर. समासातल्या भांडणाला भाव असतो, हे मला तेव्हा कळलं.

प्रकाशकांचं दुखणंही खोटं नाही. पुस्तकाची फुकट पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरते. आमच्या भिशीच्या ग्रुपवर आली होती, मी उघडलीही. ती चोरीची, पण कुठल्याही फोनवर बिनतक्रार उघडते. अडते ती विकतची.

आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५अ कलम आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. माझा हेतू तसा नाही, पण हेतू स्वच्छ असला म्हणून कुलूप उघडत नाही.

शेवटी ४३ पैकी ११ पुस्तकं छापील आणली. मजकूर तोच, समास कोरे. काल कपाटातलं ह्यांचं एक जुनं पुस्तक दिव्याशी वाळत ठेवलं. फुगलंय, कुबट वास मारतोय. मधल्या एका पानावर पेन्सिलीने "साफ खोटं!" लिहिलंय, खाली दोन रेघा. कशाला खोटं म्हणत होते, ती ओळ मात्र बुरशीने खाल्लीय.