बारा गुण कोणाचे?

दर वर्षी मे महिन्यातील एका शनिवारी रात्री युरोपातील कोट्यवधी माणसे दूरचित्रवाणीसमोर बसून गाणी ऐकतात आणि गाणी संपल्यावर तितक्याच उत्सुकतेने आकडे ऐकतात. युरोव्हिजन गीतस्पर्धेचा हा दुसरा अंक पहिल्यापेक्षा अधिक रंगतो, असे तिचे चाहतेही कबूल करतात. एकेका देशातून प्रतिनिधी पडद्यावर येतो आणि आपल्या देशाचे सर्वोच्च बारा गुण कोणाला, ते जाहीर करतो. ‘जर्मनीचे बारा गुण तुर्कस्तानला’ हे वाक्य गेल्या शतकाच्या अखेरीस प्रथम उच्चारले गेले, तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. जर्मन माणसाला तुर्की गाण्याची एकाएकी गोडी लागली, असे कोणालाच वाटले नाही. ते गुण जर्मनीचे खरे. पण ते जर्मनीतील नेमके कोणाचे, हा प्रश्न तेव्हापासून या स्पर्धेला चिकटला आहे.

ही स्पर्धा १९५६ साली स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे सुरू झाली. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन या प्रक्षेपण संस्थांच्या संघाने ती भरवली आणि तिच्यात अवघे सात देश होते. पुढील चार दशके गाण्यांचा कौल बहुतांशी परीक्षक मंडळे देत. स्वतःच्या देशाला मत द्यायचे नाही, हा नियम त्यांना लागू होता आणि आजही तो प्रेक्षकांना लागू आहे. तुर्कस्तान १९७५ साली या स्पर्धेत उतरला आणि शेवटचा आला. १९८३ आणि १९८७ या दोन्ही वर्षी त्याला भोपळ्यावर समाधान मानावे लागले. १९९६ पर्यंतची त्याची सर्वांत मोठी मजल म्हणजे १९८६ सालचा नववा क्रमांक. हे सारे घडत असताना जर्मनीत तुर्की माणसे नव्हती काय? होती, आणि लक्षावधी होती. १९६१ च्या ऑक्टोबरमध्ये झालेल्या करारान्वये पश्चिम जर्मनीने आपल्या कारखान्यांसाठी आणि खाणींसाठी तुर्की मजूर आणले होते. ‘पाहुणे कामगार’ असे त्यांना नाव दिले गेले. कारण काम संपले की पाहुण्याने परत जावे, अशी यजमानांची अपेक्षा होती. १९७३ मध्ये ही भरती थांबली. पाहुणे मात्र गेले नाहीत. त्यांनी बायकामुलांना बोलावून घेतले आणि बर्लिन, कोलोन, ड्युइसबर्ग येथे त्यांच्या वस्त्या रुजल्या. परीक्षक मंडळांच्या गुणपत्रिकेत या वस्त्यांचा मागमूस नव्हता.

१९९७ साली जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, स्वीडन आणि ब्रिटन या पाच देशांनी प्रयोग म्हणून परीक्षकांना रजा दिली आणि घरोघरच्या प्रेक्षकांना दूरध्वनीवरून मत देण्याची मुभा दिली. त्या रात्री जर्मनीचे बारा गुण तुर्कस्तानच्या पदरात पडले आणि तुर्कस्तान एकंदरीत तिसरा आला. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला असा योग क्वचितच लाभतो. वस्ती तीच, स्पर्धा तीच, गुण देण्याची रीतही तीच. बदलले ते फक्त मोजणारे. अर्थात तिसरा क्रमांक केवळ परदेशस्थ तुर्कांमुळे आला, असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. उरलेल्या वीस देशांत तेव्हा परीक्षकच होते आणि ते गाणे त्यांनाही आवडले होते. दोनच वर्षांनी, १९९९ मध्ये, तुर्कस्तान सोळाव्या क्रमांकावर घसरला. त्या वर्षी त्याला मिळालेल्या एकूण २१ गुणांपैकी १२ एकट्या जर्मनीचे होते. परदेशी गेलेला समाज गाण्याला पडू देत नाही, पण त्याला शिखरावर नेणे एकट्याच्या जोरावर त्याला जमत नाही, एवढाच निष्कर्ष या दोन निकालांतून काढता येतो.

एवढ्या थोड्या माणसांचा एवढा प्रभाव कसा पडतो, हे कोडे गणिताने सुटते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत तुर्की नागरिक वीस लाखांहून थोडे अधिक होते, म्हणजे सव्वाआठ कोटींच्या देशात अडीच टक्क्यांच्या आसपास. निवडणुकीत अडीच टक्के म्हणजे अनामत रक्कम जप्त होण्याची खात्री. पण येथे उमेदवार दोन नसतात, पंचवीसच्या घरात असतात. समजा, सर्वसाधारण श्रोत्यांची मते पंचवीस गाण्यांत विखुरली, तर प्रत्येक गाण्याच्या वाट्याला सरासरी चार टक्के येतात आणि चांगले गाणे फार तर दहाबारा टक्क्यांवर जाते. शिवाय सर्वसाधारण श्रोता बहुधा फोन उचलतच नाही. गाणे आवडले, एवढ्यासाठी बिल वाढवून घेण्याची त्याला गरज वाटत नाही. जो घरापासून दूर आहे, ज्याच्या शेजारची चार कुटुंबेही त्याच गाण्यासाठी थांबली आहेत, तो मात्र फोन करतो आणि एकदा करून थांबत नाही. मॅन्कर ओल्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली सामुदायिक कृतीविषयीच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले होते, की ज्यांना थोडेसेच मिळायचे असते असा मोठा समूह निष्क्रिय राहतो आणि ज्यांना पुष्कळ मिळायचे असते असा लहान समूह संघटित होतो. त्याच्या मनात साखरेचे उत्पादक, कामगार संघटना आणि शेतकऱ्यांचे दबावगट असावेत. गीतस्पर्धा खचितच नसावी.

येथवर हिशोब सरळ आहे. त्यापुढचा भाग अधिक विचार करायला लावणारा आहे. १९९९ सालचे ते बारा गुण ज्यांनी दिले, त्यांतील बहुसंख्यांना जर्मन संसदेच्या निवडणुकीत मत नव्हते. जर्मनीचा नागरिकत्वाचा कायदा १९१३ सालचा आणि रक्ताच्या नात्यावर आधारलेला होता. तुर्की आईबापांचे मूल जर्मनीत जन्मले, जर्मन शाळेत शिकले आणि जर्मन कारखान्यात कामाला लागले, तरी कायद्याच्या लेखी ते परकेच राही. या कायद्यात १ जानेवारी २००० पासून बदल झाला, तेव्हा कोठे अशा मुलांना जन्मासोबत नागरिकत्व मिळण्याची वाट खुली झाली. तोवर जर्मनीच्या नावाने एखादे मत नोंदवण्याची जी एक संधी त्यांना मिळत होती, ती या गाण्यांच्या रात्री. फोन करणाऱ्याला पारपत्र विचारले जात नव्हते. जर्मनीचा प्रतिनिधी ‘आमचे बारा गुण’ असे म्हणे, तेव्हा त्या ‘आमचे’ शब्दात ज्यांना कायद्याने जागा नव्हती, तेच लोक बोलत असत. त्याच १९९९ साली जेरुसलेमच्या स्पर्धेत जर्मनीनेही तुर्की वंशाच्या जर्मन तरुण गायकांचा ‘झ्युरप्रिझ’ हा गट पाठवला. तो जर्मन, तुर्की, इंग्रजी आणि हिब्रू अशा चार भाषांत गायला आणि तिसरा आला. ही मते म्हणजे स्पर्धेची विटंबना, असे ज्यांना वाटते, त्यांनी एवढा तपशील तरी नजरेआड करू नये.

स्पर्धेच्या रचनेतील आणखी एक मेख अशी, की येथे संख्येपेक्षा विखुरलेपणाला मोल आहे. प्रत्येक देशाच्या गुणांचे वजन सारखे. जर्मनीचे बारा आणि माल्टाचे बारा यांत फरक नाही. एका मतदारसंघात दोन लाखांच्या मताधिक्याने निवडून आलेला उमेदवारही अखेर एकच जागा मिळवतो, तसेच हे. त्यामुळे वीस लाख माणसे एका देशात असण्यापेक्षा दहा देशांत दोन दोन लाख असणे केव्हाही फायद्याचे. आर्मेनियाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९१५ च्या संहारानंतर हा समाज जगभर पांगला आणि आज मायदेशापेक्षा बाहेरच त्याची संख्या अधिक आहे. आर्मेनिया २००६ साली स्पर्धेत प्रथम आला तो थेट आठवा, आणि २००८ मध्ये चौथा. फ्रान्ससारख्या देशाने त्याला बारा गुण दिले. ज्या आपत्तीने एखादा समाज उधळला गेला, तीच येथे भांडवल ठरते. २००३ साली रिगा येथे तुर्कस्तान अखेर जिंकला. त्याचे १६७ गुण झाले, दुसऱ्या आलेल्या बेल्जियमचे १६५. खुद्द बेल्जियमच्या प्रेक्षकांनी आपले बारा गुण तुर्कस्तानला दिले होते. ते गाणे इंग्रजीत होते, झोकात सादर झाले होते आणि इतर देशांनाही ते आवडले होते, हे खरे. पण बेल्जियममधील तुर्की वस्तीने त्या रात्री फोन केला नसता, तर निकाल कोणता लागला असता, ते सांगायला ज्योतिषी नको.

पश्चिम युरोपात याविषयी कुरकुर वाढत गेली. २००७ मध्ये हेलसिंकी येथे सर्बिया जिंकला, तेव्हा जुन्या युगोस्लाव्हियातील शेजाऱ्यांबरोबरच ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांनीही त्याला बारा गुण दिले होते. शेजाऱ्यांचे प्रेम ही एक गोष्ट (ग्रीस आणि सायप्रस यांची परस्परांवरील मेहेरनजर तर विनोदाचा विषय झाली आहे) आणि ऑस्ट्रियातील बांधकामांवर व इस्पितळांत राबणाऱ्या सर्बांची मते ही दुसरी. टीकाकारांनी दोन्हींची एकच मोट बांधली. ज्या देशांतून कोणी पोटासाठी बाहेर पडले नाही, त्यांची तक्रार अगदीच निराधार नव्हती. परदेशस्थ समाजाचा आधार नसलेल्या देशाला दर वर्षी शून्यापासून सुरुवात करावी लागते. २००९ पासून अंतिम फेरीत परीक्षक परतले आणि निम्मा कौल त्यांच्याकडे गेला. याचा फटका पोलंडला बसलेला दिसतो. २००४ साली पोलंड युरोपीय संघात आल्यावर ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन यांनी आपला मजूर बाजार लगेच खुला केला. २०११ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये इंग्रजीखालोखाल पोलिश ही सर्वाधिक बोलली जाणारी मुख्य भाषा ठरली. २०१४ साली ब्रिटनच्या प्रेक्षकांनी पोलंडच्या गाण्याला पहिला क्रमांक दिला, तर तेथील पाच परीक्षकांनी अगदी शेवटचा. दोहोंचा मेळ घालून पोलंडच्या हाती ब्रिटनकडून पडले ते शून्य. २०१६ पासून दोन्ही कौल वेगळे जाहीर होऊ लागले आणि दरी उघडी पडली: त्या वर्षी परीक्षकांनी पोलंडला ७ गुण दिले, प्रेक्षकांनी २२२. पाच जाणकारांची अभिरुची आणि पाच लाखांची ओढ यांची बेरीज करण्याचे सर्वमान्य सूत्र कोणत्याही शास्त्राकडे नाही. निम्मे-निम्मे ही तडजोड आहे. तिला न्यायाचे नाव देण्याचे कारण नाही.

हा प्रश्न केवळ युरोपचा आहे, असेही नव्हे. २००७ साली ‘इंडियन आयडॉल’च्या तिसऱ्या पर्वात दार्जिलिंगचा, कोलकाता पोलीस दलातील शिपाई प्रशांत तमांग विजयी झाला. त्याच्यासाठी डोंगराळ भागात वर्गण्या गोळा झाल्या आणि त्या पैशातून एसएमएसचा पाऊस पाडला गेला. देशभर विखुरलेल्या नेपाळीभाषक समाजाने प्रथमच एक नाव एकमुखाने घेतले होते. त्याच्या विजयानंतर रेडिओवरील एका निवेदकाच्या हेटाळणीमुळे सिलिगुडीत दंगल उसळली आणि ऑक्टोबरमध्ये, त्याच लाटेवर स्वार होऊन, बिमल गुरुंग यांनी गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापन केला. आपल्याला कोणी मोजत नाही असे ज्या समाजाला वाटते, त्याला मोजणीची पहिली संधी गाण्याच्या निमित्ताने मिळाली, तर तो ती गाण्यापुरती ठेवत नाही.

तथापि परदेशस्थांच्या ओढीला ढाल करून इतर हितसंबंधही आत शिरतात. २०२५ च्या स्पर्धेपर्यंत एका प्रेक्षकाला वीस वेळा मत देता येत होते आणि प्रत्येक मताला दाम होता. म्हणजे ही मतपेटी काही अंशी दुकानही होती. सरकारी यंत्रणांच्या पाठबळाने चालणाऱ्या प्रचारमोहिमांविषयी ओरड झाल्यावर त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये संघाने ही मर्यादा दहावर आणली. घरच्या आठवणीने केलेला फोन आणि जाहिरात पाहून केलेला फोन यंत्राला सारखाच ऐकू येतो. सहानुभूतीचा फोनही तसाच. २०२२ मध्ये युद्धग्रस्त युक्रेनला प्रेक्षकांनी ४६८ पैकी ४३९ गुण दिले, ते केवळ निर्वासितांच्या बळावर मिळणे अशक्य होते.

तुर्कस्तान मात्र या हिशोबातून केव्हाच बाहेर पडला आहे. परीक्षकांच्या पुनरागमनावर आणि मोठ्या पाच देशांना अंतिम फेरीत मिळणाऱ्या थेट प्रवेशावर आक्षेप घेऊन तेथील प्रक्षेपण संस्थेने २०१३ पासून स्पर्धेत भाग घेणे थांबवले. जर्मनीतील तुर्की घरांतून आता फोन झालाच, तर तो परक्या गाण्यासाठी होतो. २०२३ पासून स्पर्धेबाहेरच्या देशांतील प्रेक्षकांनाही इंटरनेटवरून मत देता येते आणि त्या सर्वांची मते मिळून एकाच देशाचे गुण धरले जातात. शिकागोचे पोलिश, लॉस एंजेलिसचे आर्मेनियन, कुतूहलापोटी रात्री जागणारा पुण्याचा एखादा विद्यार्थी आणि खुद्द इस्तंबूलचा तुर्क, अशा साऱ्यांच्या नावे मिळून एकदाच बारा गुण जाहीर होतात.