झाकणाखालचा विस्तव

शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या कारखान्यात पत्र्याची कामं होत. पाण्यावर तरंगून जहाजांना वाट दाखवणाऱ्या बोयांचे गोल घडवणं हे त्यांतलंच एक. तिथे काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफनला घरामागच्या अंगणात मांस भाजायची भारी हौस. (पुढे तो बारा मुलांचा बाप झाला, त्यामुळे खाणाऱ्या तोंडांची वाण कधी पडली नसावी.) त्या काळच्या अंगणातल्या शेगड्या उघड्या असत. विटांचा ओटा किंवा पत्र्याची पसरट परात आणि वर जाळी, एवढंच. वारा सुटला की राख खाण्यावर, चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की भडका, पाऊस आला की सगळा कार्यक्रम आटोपला.

१९५२ साली स्टीफनने बोयाच्याच आकाराचे दोन अर्धगोल घेतले. खालच्याला तीन पाय लावले, आत जाळी बसवली, वरच्याला मूठ जोडली. झाकण घातलं की आग गुदमरू लागली, मग भोकं पाडली, अशी कथा सांगतात. या अवताराला शेजारीपाजारी ‘स्पुटनिक’ म्हणत, असंही सांगतात. पण खरा स्पुटनिक उडाला १९५७ साली, तेव्हा ते नाव मागाहूनच चिकटलेलं असणार. ग्रिल मात्र खपलं, इतकं की पुढे स्टीफनने तो कारखानाच विकत घेतला. आज अमेरिकेत ‘वेबर केटल’ म्हटलं की लहान पोराच्याही डोळ्यांपुढे तो काळा गोल येतो.

माझ्या मते या यंत्राची सगळी करामत झाकणात आहे. उघड्या शेगडीवर आच फक्त खालून लागते. वरची बाजू गार, म्हणून सारखं उलटपालट करत बसायचं. झाकण घातलं की उष्णता गोलाला आपटून परत फिरते आणि पदार्थ चारी बाजूंनी शिजतो. आपल्याकडे भानोलं करताना झाकणावरही निखारे ठेवत, ते याच हिशेबाने. केटलमध्ये वर निखारे लागत नाहीत, कारण आतली हवाच फिरत राहते. खालच्या झरोक्यांतून आत येते, कोळसा फुलवते, तापून वर चढते आणि झाकणाच्या भोकातून निघून जाते. आच वाढवायची तर खालचे झरोके मोकळे करायचे, उतरवायची तर आवळायचे. वरचं भोक शक्यतो उघडंच ठेवावं, नाहीतर धूर आत कोंडून अन्न कडवट होतं. आणि सारखं झाकण उचलून डोकावू नये. डोकावणाऱ्याला वाटतं आच कमी होतेय. प्रत्यक्षात मोकळी हवा मिळून निखारे अधिकच भडकतात.

कोळशाची हकीकत तर खुद्द हेन्री फोर्डपाशी जाते. मोटारींसाठी लागणाऱ्या लाकडाचा भुसा आणि तुकडे मिशिगनमधल्या त्याच्या कारखान्यात वाया जात. त्याने त्यांच्या कोळशाच्या वड्या पाडल्या आणि मोटारींच्या विक्रेत्यांमार्फतच विकल्या. पुढे हा धंदा किंग्जफर्ड नावाने चालला. वड्या एकसारख्या जळतात, पण त्यांत स्टार्चसारखे बांधणारे पदार्थ असतात. नुसत्या लाकडाचा ओबडधोबड कोळसा लवकर पेटतो, जास्त तापतो, राखही कमी ठेवतो, पण भरवसा कमी. रॉकेलसारखा वास मारणारा पेटवायचा द्रव मात्र अजिबात आणू नये. चिमणी स्टार्टर नावाचं पत्र्याचं नळकांडं मिळतं. खाली वर्तमानपत्राचे बोळे, वर कोळसा. पंधरा-वीस मिनिटांत वरच्या कोळशावर पांढरी राख धरते. मग सगळे निखारे एका अंगाला ओतायचे आणि दुसरं अंग रिकामं ठेवायचं. निखाऱ्यांच्या बाजूला भाजणं, रिकाम्या बाजूला शिजवणं. कोंबडीच्या तंगड्या आधी रिकाम्या बाजूला झाकणाखाली शिजवाव्यात आणि शेवटी निखाऱ्यांवर आणून कातडी खरपूस करावी. हाडापाशी ७४ अंश सेल्सिअस झालं की झालं. पाचसहाशे रुपयांचा थर्मामीटर या कामात अनुभवापेक्षा भरवशाचा.

धुरावर मंद शिजवण्याची, टेक्ससच्या धर्तीची हौस असेल तरी केटल पुरते. कडेने वड्यांची दुहेरी ओळ लावायची, वर ओक किंवा हिकरीचे तुकडे ठेवायचे आणि एकच टोक पेटवायचं. आग वातीसारखी पुढे सरकत सहासात तास चालते. आतलं तापमान ११० ते १२० अंश. इथे नवशिक्याला हमखास घाम फुटतो. ब्रिस्केट, म्हणजे गाईच्या छातीचं चिवट मांस, आतून ६५-७० अंशांपर्यंत चढतं आणि मग तासन् तास काटा हलत नाही. कोळसा संपला, असं वाटून लोक झरोके उघडतात. खरं तर मांसातून बाष्प उडत असतं आणि त्या बाष्पीभवनाने मांस स्वतःलाच थंड ठेवत असतं. धीर धरावा, किंवा कागदात गुंडाळावं. बाष्पाला वाट उरली नाही की काटा पुन्हा चढू लागतो. ९५ अंशांच्या आसपास चिवट धागे विरघळून मऊ होतात. धूर निळसर आणि विरळ हवा; पांढरा दाट धूर म्हणजे लाकूड नीट जळत नाही.

दुसरे पर्याय आहेतच. जाड मातीचं, उष्णता धरून ठेवणारं जपानी घाटाचं कामाडो. अटलांटातल्या बिग ग्रीन एगने १९७४ पासून ते अमेरिकेत रुजवलं. जड, महाग, पण थंडीतही आच सोडत नाही. भुशाच्या गोळ्या मोटरने आगीत ढकलणारं ट्रेगर कंपनीचं यंत्रही आहे. बटण दाबून झोपायला जावं असं. ते सोयीचं खरं, पण विस्तवाशी खेळण्याची मजा त्यात उरत नाही. ऑफिसातून घरी येऊन अर्ध्या तासात जेवायचं असेल तर गॅसचंच ग्रिल घ्यावं, त्यात कमीपणा नाही.

न्यू जर्सी-कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत केटलवर भरिताची वांगीही चढतात. खानदेशात ती कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजतात. तो धुराचा वास घरातल्या इलेक्ट्रिक कॉइलवर कुठून येणार? निखाऱ्यांवर थोडी सालं जळू द्यावीत, मग रिकाम्या बाजूला सारून झाकण घालावं, गर आतपर्यंत शिजतो. शाकाहारी पाहुणे असतील तर त्यांची जाळी वेगळीच ठेवतात. सुट्या जाळ्या बाजारात मिळतात.

गॅरेजमध्ये, दार उघडं ठेवूनसुद्धा, कोळसा पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. काम झालं की दोन्हीकडची भोकं बंद करावीत. आग विझते आणि उरलेला कोळसा पुढच्या खेपेला चालतो.

पहिलंच ग्रिल असेल तर बावीस इंची जुनी केटल शोधावी. इनॅमलचा मुलामा ८०० अंशांच्या आसपास भाजून चढवलेला असतो, रंगासारखा पोपडे धरत नाही. मोठे टवके उडून आत गंज दिसला तरच सोडून द्यावी. झाकण कडेला नीट बसतं का, खालचे झरोके सहज फिरतात का, एवढं पाहावं. जाळी गंजली असेल तर घासाघीस करायला उलट बरंच, जाळी नवी मिळते.