पातं, फूल, बोंड आणि अक्कलदाढ

ओपीजी, म्हणजे सगळ्या जबड्याची एक्स-रे फिल्म, हातात आली की मी आधी वाकड्या दातांकडे बघत नाही. नजर थेट जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात जाते, दुसऱ्या दाढेच्या पाठीमागे. तिथं तुरीच्या दाण्याएवढा एक गोल, काळसर ठिपका असतो आणि त्याला बारीक पांढरी कड असते. तो असला तर अक्कलदाढेनं घर केलंय. यवतमाळात पोरांच्या दातांना तारा लावण्यात माझी सव्वीस वर्षं गेली, पण त्या ठिपक्याची ओढ अजून पहिल्या दिवसासारखीच आहे.

आम्ही कपाशीच्या मुलखातली माणसं, म्हणून मला ते सगळं कपाशीसारखंच दिसतं. रिकामा काळा गोल म्हणजे पातं, फुलाआधीची कळी. मग त्या गोलात तीन-चार पांढरे कण उमटतात, मोहरीएवढे. ही दाढेच्या वरच्या उंचवट्यांची टोकं असतात, ती आधी तयार होतात. पुढं कण एकमेकांना जुळतात, उपड्या वाटीसारखा माथा दिसू लागतो, आणि त्या वाटीच्या काठातून मुळं खाली उतरतात. मॉन्ट्रियलच्या डेमिर्जियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली दाताच्या वाढीचे आठ टप्पे ठरवून दिले. ते अक्कलदाढेलाही लावतात, आणि वय ठरवण्याच्या तपासणीतही त्यांचा उपयोग होतो. मला त्यातला दुसरा टप्पा सगळ्यात आवडतो, कण नुकते जुळायला लागलेले असतात तो. त्या अवस्थेतली फिल्म मी उजेडासमोर धरून उगाच दोन मिनिटं जास्त बघतो.

पण पातं लागलं म्हणजे बोंड झालंच असं नाही, हे कास्तकाराला सांगावं लागत नाही. पातेगळ असतेच. आनुवंशशास्त्रज्ञ हान्स ग्रुनेबर्ग यांनी १९५१ मध्ये एकाच वाणाच्या, जवळजवळ सारख्या वारशाच्या उंदरांवर हेच दाखवलं. त्यांतल्या काहींना तिसरी दाढ होती, काहींना नव्हती. दाढेचा कोंब ठराविक आकारापर्यंत वाढला तर दाढ होते, त्याहून लहान राहिला तर तिथंच थांबतो. एकाच घरातल्या दोन भावांच्या फिल्म शेजारी-शेजारी ठेवल्यावर, एकाला चार आणि दुसऱ्याला दोन दाढा दिसल्या की मला हे उंदीर आठवतात.

बाकीची माहिती थोडक्यात. ठिपका बहुधा आठ ते दहाव्या वर्षी दिसू लागतो, माथा बारा ते सोळाच्या दरम्यान पुरा होतो, दाढ सतरा ते पंचविसाच्या आसपास बाहेर येते. जगभरच्या अभ्यासांची एकत्र मोजणी २०१५ मध्ये झाली. तिच्यात सुमारे २२.६ टक्के लोकांना किमान एक अक्कलदाढ मुळातच नव्हती. आशियात हे प्रमाण सर्वांत जास्त, आफ्रिकेत सर्वांत कमी. वरची दाढ खालचीपेक्षा अधिक वेळा गैरहजर असते. मऊ अन्न खाऊन ती नाहीशी झाली, असं सर्रास सांगितलं जातं, पण चीनमध्ये लांत्यान इथं १९६३ साली सापडलेल्या आदिमानवाच्या लाखो वर्षांपूर्वीच्या जबड्यातही ती जन्मतःच नव्हती.

आता तारांचा मुद्दा. दात सरळ करायला जागा लागते, आणि ती करायला पुष्कळदा चार उपदाढा काढाव्या लागतात. अक्कलदाढा चारही असतील तर तोंडात अठ्ठावीस दात उरतात, एकही नसेल तर चोवीस. पहिली दाढ किडून गेली असेल तर हिशोब आणखी नाजूक होतो. मागं अक्कलदाढ असली तर दुसरी दाढ पुढं ओढून घेता येते, अक्कलदाढ तिच्या मागं उभी राहते. म्हणून माझं ठाम मत आहे की उपदाढेला हात लावण्याआधी मागचे चारही कोपरे मोजावेत. आणि आई-बाबा विचारतात, "पुढचे दात अक्कलदाढेच्या ढकलण्यानंच वाकडे झाले ना?" तसा पुरावा मिळालेला नाही. त्रास नसलेली अक्कलदाढ सरसकट काढू नये, असं ब्रिटनच्या नाईस संस्थेनं २००० सालीच सांगितलं. मीही तेच सांगतो.

थोडं भाषेकडे वळू द्या, कारण मला हा विषय फार प्रिय आहे. आपली 'अक्कल' अरबीतून फारसीमार्गे आली, आणि अरबीतही ही अकलेचीच दाढ. लॅटिनमध्ये शहाणपणाची. तुर्कीत मात्र विसाव्या वर्षाची, जपानीत 'आईबापांना ठाऊक नसलेली' आणि कोरियनमध्ये चक्क प्रेमाची दाढ. संस्कृतात दात म्हणजे द्विज, दोनदा जन्मलेला. आयुर्वेदातल्या काश्यपसंहितेत बत्तीसपैकी आठ दात एकदाच येणारे आणि बाकीचे द्विज सांगितलेत. आपण आज मोजतो तेव्हा एकदाच येणाऱ्या दाढा बारा भरतात, चार अक्कलदाढा धरून. तरीही काही दात एकदाच येतात हे त्या काळी कुणीतरी बारकाईनं पाहिलं होतं, याचा मला आनंद वाटतो.

झरी-जामणी भागातली एक मुलगी अकराव्या वर्षी आली, आजीचा हात धरून. पुढच्या दातांवर तपकिरी आडवे पट्टे होते. पांढरकवडा, झरी-जामणीच्या पट्ट्यात भूजलात फ्लोराइड आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोत नसेल तर दीडपर्यंत. त्यावर गेलं की बनत असलेल्या दाताच्या कवचात खूण उरते. पुढच्या दातांचे माथे चार-पाच वर्षांपर्यंत तयार होतात, म्हणून पट्टे तिथं. ही मुलगी आठव्या वर्षी शिकायला मामाकडे यवतमाळात आली आणि निळोणा धरणाचं पाणी पिऊ लागली. असल्या कवचावर तारांचे ब्रॅकेट नीट चिकटत नाहीत, तिचे दोनदा सुटले.

ओपीजीत तीन ठिपके होते, वरच्या डाव्या कोपऱ्यात काहीच नव्हतं. मी सांगून टाकलं, "हिला ती दाढ नाहीच."

"म्हणजे तीनच देल्या देवानं?" आजी म्हणाली.

चौदाव्या वर्षी तारा काढताना पुन्हा फिल्म घेतली. त्या रिकाम्या कोपऱ्यात पांढरे कण आले होते, अगदी नुकते. मी फिल्म घेऊन बाहेर आलो आणि आजीला ते दाखवलं. तेव्हापासून दहा-अकराव्या वर्षाच्या फिल्मवर 'नाही' असं मी लिहीत नाही. 'अजून नाही' लिहितो, आणि चौदाव्या वर्षी पुन्हा बघतो.

एकविसाव्या वर्षी तिची खालची डावी अक्कलदाढ अर्धी अडकली आणि हिरडी सुजू लागली. शस्त्रक्रियेनं ती काढली तेव्हा मी शेजारी उभा होतो. दाढ धुऊन कापसावर ठेवली. माथा स्वच्छ, चकचकीत, एकही पट्टा नाही. तो नवव्या वर्षानंतर, इथल्या पाण्यावर घडला होता. मी तिला आरसा दिला. तिनं एक बाजू सुन्न असलेल्या तोंडानं ओठ वर केले, दाढ पुढच्या दातांजवळ धरली, आणि बराच वेळ दोन्हींकडे बघत राहिली.