पित्ताची गोळी : गरज किती, सवय किती?

तपासणीसाठी येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला मी एक प्रश्न हमखास विचारतो, "सध्या कोणकोणती औषधे चालू आहेत?" रक्तदाबाची, मधुमेहाची गोळी लोक आठवणीने सांगतात. पित्ताची गोळी मात्र सहसा कोणी सांगत नाही. खोदून विचारले की उत्तर येते, "ती होय? ती रोज सकाळी चहाच्या आधी घेतोच. ते काय औषध आहे का, डॉक्टर!" किती दिवसांपासून घेता, असे विचारले तर "झाली असतील पाच-सहा वर्षे" असे सहज सांगितले जाते. मूळ चिठ्ठी मात्र असते पंधरा दिवसांची.

आपण ज्याला बोलीभाषेत पित्त म्हणतो, ते बहुतेक वेळा जठरातील आम्ल असते. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंची एक झडप असते. ती सैल पडली की आम्ल उलटे वर येते. मग छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी, ढेकरा, कधी रात्रीचा कोरडा खोकला असा त्रास सुरू होतो. परंतु हे आम्ल आपले शत्रू नव्हे. अन्नाबरोबर पोटात गेलेले जंतू ते मारते. लोह, कॅल्शियम आणि बी-१२ जीवनसत्त्व शरीरात शोषले जाण्यासही त्याची मदत होते.

औषध चांगले, पण...

ओमेप्राझोल हे औषध 1988 साली बाजारात आले. पुढे त्याच कुळातील पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल आली. ही औषधे आम्ल तयार करणारे जठरातील 'पंप'च बंद करतात. त्यांनी जठरव्रणाचे असंख्य रुग्ण बरे केले, अनेकांची शस्त्रक्रिया टाळली. म्हणून ही औषधे वाईट आहेत असे मी मुळीच म्हणणार नाही. प्रश्न आहे तो चिठ्ठीशिवाय, वर्षानुवर्षे घेण्याचा.

साठी ओलांडलेले एक निवृत्त शिक्षक पायाला मुंग्या येतात म्हणून माझ्याकडे आले होते. चालताना तोल जाई. कोणी मणक्याचे दुखणे सांगितले होते, कोणी वयाचे. गृहस्थ शुद्ध शाकाहारी, दूधही फारसे घेत नसत आणि सहा वर्षे रोज पित्ताची कॅप्सूल चालू. रक्तातील बी-१२ अगदी कमी निघाले. इंजेक्शने दिल्यावर मुंग्या हळूहळू कमी झाल्या. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस, मासे यांतूनच मिळते. त्यामुळे आपल्याकडील शाकाहारी माणसाने तर याबाबत अधिकच जपायला हवे.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गोळ्यांबाबत वेळोवेळी इशारे दिले आहेत : 2010 मध्ये हाडे मोडण्याच्या शक्यतेबद्दल, 2011 मध्ये रक्तातील मॅग्नेशियम घटण्याबद्दल, 2012 मध्ये आतड्याच्या जंतुसंसर्गामुळे होणाऱ्या जुलाबांबद्दल. क्वचित काहींच्या मूत्रपिंडाला सूजही येते. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सुमारे साडेसतरा हजार रुग्णांना सरासरी तीन वर्षे पँटोप्राझोल किंवा बिनऔषधाची गोळी देऊन केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. त्यात आतड्याचा संसर्ग तेवढा थोडा जास्त आढळला. इतर धोके वाढलेले दिसले नाहीत. तेव्हा घाबरून जाऊ नये, पण गाफीलही राहू नये.

आपल्याकडे या कॅप्सूलमध्ये पुष्कळदा डॉम्पेरिडोन हे दुसरे औषधही मिसळलेले असते. त्याने हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. म्हणून युरोपच्या औषध संस्थेने 2014 मध्ये ते छातीतील जळजळीसाठी वापरू नये, उलटी-मळमळीसाठीही थोडेच दिवस द्यावे, असे सांगितले. वेष्टनावरील नावे एकदा वाचून पाहा.

गोळी सुटत का नाही?

"गोळी बंद केली की दुप्पट जळजळ होते, म्हणजे मला ती लागतेच," असे अनेकजण सांगतात. डेन्मार्कमध्ये कसलाही त्रास नसलेल्या निरोगी माणसांना आठ आठवडे अशी गोळी देऊन पाहिली. बंद केल्यानंतर त्यांतील 44 टक्के लोकांना पित्ताची लक्षणे जाणवली. बिनऔषधाची गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण 15 टक्के होते. दाबून ठेवलेले आम्ल गोळी थांबताच काही दिवस उसळते, एवढाच याचा अर्थ. म्हणून दीर्घकाळ चाललेली गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी. मधल्या काळात जळजळ झालीच तर साधे पातळ अँटासिड पुरते.

मात्र हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, संधिवातासाठी रोज वेदनाशामक घेणारे, पूर्वी जठरव्रणातून रक्तस्राव झालेले किंवा अन्ननलिकेला जखमा असलेले रुग्ण यांनी ही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. त्यांच्यासाठी ती कवचच आहे.

घरच्या घरी काय करावे?

रात्रीचे जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवा. जेवून लगेच आडवे होणे हे आम्लाला वर येण्याचे आमंत्रणच. शेताला पाणी द्यायला रात्री जाणाऱ्यांनी जाण्यापूर्वी हलके जेवावे, परत आल्यावर भरपेट नको.

पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू सहा ते आठ इंच उचला. नुसत्या जादा उशांनी मान वाकते, उपयोग होत नाही. डाव्या कुशीवर झोपल्यानेही फरक पडतो.

पोटाचा घेर कमी करा. वजन उतरले की पोटावरचा दाब उतरतो. पट्टा, परकराची नाडी करकचून बांधू नका. तंबाखू, विडी, गुटखा आणि दारू सोडणे हा तर निम्मा उपचार.

एकदाच पोट तुडुंब भरण्यापेक्षा थोडे थोडे खा. तळलेले पदार्थ, तिखटजाळ रस्सा, उपाशीपोटी चहा यांपैकी आपल्याला काय बाधते ते पंधरा दिवस वहीत लिहून ठेवा. सगळ्यांना सगळेच बाधत नाही. दिवसभर उपवास करून रात्री साबुदाण्याची खिचडी आणि दाण्यांची आमटी पोटभर खाणाऱ्याला दुसऱ्या दिवशी जळजळ झाली, तर त्यात नवल ते काय? रक्तदाब असणाऱ्यांनी खाण्याचा सोडा वारंवार पिऊ नये. त्यात सोडियम भरपूर असते.

हे पित्त समजू नका

घास अडकणे, विनाकारण वजन घटणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौचास होणे, रक्त कमी होणे, यांपैकी काहीही असल्यास गोळी घेत बसू नका. तपासणी करून घ्या. आणि छातीत दाब येऊन घाम फुटला, कळ हाताकडे वा जबड्याकडे गेली, चालताना वाढली, तर 'पित्त झाले असेल' म्हणून लिंबूपाणी पीत वेळ दवडू नका. ताबडतोब दवाखाना गाठून हृदयाचा आलेख काढा. पित्त समजून काढलेली एक रात्र अनेक घरांना फार महागात पडली आहे.

यापुढे डॉक्टरांकडे जाल तेव्हा पित्ताची गोळीही औषधांच्या यादीत सांगा, आणि एवढेच विचारा, "ही आणखी किती दिवस घ्यायची?"